तिघी एकत्र नकोत, की दोघी शेजारी नकोत?

नमस्कार. तुमचा आक्षेप असा : ५ मुलगे आणि ३ मुली एका रांगेत बसवायच्या, मुली एकत्र नकोत, तर उत्तर ३६,००० येतं, माझ्या लेखातलं १४,४०० चूक आणि आधी मुलगे बसवून मग मुलींसाठी त्यांच्यामधल्या व टोकांच्या फटी (मोकळ्या जागा) मोजणं हा निव्वळ द्राविडी प्राणायाम.

तुमची आकडेमोड बिनचूक आहे. एकूण रांगा ८! (म्हणजे ८ × ७ × ६ … × १) = ४०,३२०. तिघींची एक मोट बांधली की ६! × ३! = ४,३२०. वजा केल्यावर ३६,०००. पण वजा झाल्या त्या फक्त तिघी सलग बसलेल्या रांगा. ‘१ अ ब २ क ३ ४ ५’ बघा. अंक मुलग्यांचे, अक्षरं मुलींची. अ आणि ब खेटून बसल्यात, तरी ही रांग तुमच्या हिशेबात पास होते. नेमक्या दोघीच शेजारी असलेल्या अशा रांगा किती? जोडी ३ प्रकारे, जोडीतला क्रम २ प्रकारे, जोडी आणि एकटी उरलेली यांना ६ फटींत ६ × ५ जागा (फटी सहा कशा, ते खाली), मुलग्यांचे ५!. गुणाकार २१,६००. त्याही काढा, १४,४००च उरतात.

तरी शंका असेल तर २ मुलगे आणि ४ मुली घ्या. चौघींच्या मधे तीन मुलगे लागतात, आहेत दोनच, म्हणजे उत्तर शून्य. तुमच्या रीतीने ७२० − १४४ = ५७६ येतं. मुली दोनच असल्या तर दोन्ही रीतींचं उत्तर एकच, म्हणून ही चूक लवकर उघडी पडत नाही.

आता माझी फटींची रीत. ५ मुलग्यांच्या रांगेत फटी ४ नाहीत, ६ आहेत. पाच मुलग्यांच्या मधल्या ४ आणि रांगेची दोन टोकं. (गोल टेबलाला टोकं नसतात, तिथे फटी ५ आणि उत्तर ४! × ५ × ४ × ३ = १,४४०.) सहातल्या तीन फटी २० प्रकारे निवडल्या की बरेच जण तिथेच थांबतात. पण कोणत्या फटीत कोण, याचे ३! राहतातच : २० × ६ = १२०. त्याला मुलग्यांच्या ५! ने, म्हणजे पुन्हा १२० ने गुणायचं.

एक मात्र तुमचं खरं. लेखात मी ‘मुली एकत्र बसणार नाहीत’ असं मोघम लिहिलं होतं, आणि ‘तिघी एकत्र नकोत’ असा अर्थ घेतला तर ३६,०००च बरोबर. तिथे आता ‘कोणत्याही दोन मुली शेजारी नसाव्यात’ असं केलं आहे.