आईच्या खोलीतलं विमान

ग्वाल्हेरच्या जानेवारीत पहाटे पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो. लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात हीटर एकच, आणि गेला आठवडाभर तो कॅनोपीकडे तोंड करून बसला आहे. कॅनोपी म्हणजे मी बांधत असलेल्या विमानाचा पारदर्शक घुमट, वैमानिकाच्या डोक्यावरचा. आईचं वय ८०, गुडघे धरलेले. तिला दोन शाली आणि तीळगुळाची गजक.

"मुंबईच्या अमोल यादवांनी निदान गच्चीवर विमान बांधलं," बायको म्हणाली. "सासूच्या पलंगाला चिकटून नाही."

बरोबर आहे. पण हवाबंद अशी खोली घरात तेवढीच, आणि कॅनोपीचं ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं प्लास्टिक, गारठ्यात ठिसूळ होतं. खोली २५-३० अंशांवर आल्याशिवाय त्याला ड्रिल लावायचं नाही. आईला हे एका वाक्यात पटलं. "तान्ह्या बाळासारखं आहे म्हण की," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून दार उघडं टाकणाऱ्यावर पलंगावरूनच ओरडू लागली.

ड्रिलची तऱ्हा वेगळीच. नेहमीचं बिट ॲक्रिलिकला चावतं आणि पलीकडून बाहेर पडताना कपचा उडवतं. म्हणून त्याची धार मुद्दाम बोथट करायची, कापायचं नाही, खरवडायचं. टोकही ११८ अंशांचं घासून ६० अंशांचं, अणकुचीदार करायचं. महाराज बाडा चौकाजवळच्या धारवाल्याला हे सांगितलं तर त्याने बिट न्याहाळलं, मला न्याहाळलं. "साहब, हम धार लगाते हैं, उतारते नहीं. घर में बच्चों को दे दो, शाम तक उतर जाएगी."

शेवटी घरीच घासलं. कापून उरलेल्या तुकड्यांवर हात बसवला. भोक नीट पडत असेल तर बिटाभोवती पांढरी शेवई गुंडाळत येते. शेवईऐवजी रवा पडू लागला की थांबायचं. मग भोकाची आणि कापलेली प्रत्येक कड ४०० नंबरच्या, नंतर ६०० नंबरच्या कागदाने घासायची, कारण तडा उगवतो तो कडेच्या एखाद्या ओरखड्यातून. नख फिरवून बघायचं. मला जिथे काही लागत नसे, तिथे आईचं नख अडे. "इथे खरखरतंय." पुन्हा कागद.

स्क्रू ४ मिलिमीटरचा आणि भोक ६ चं पाहून बायकोला वाटलं, माझी मापं चुकली. खरं कारण आमचा उन्हाळा. ४० अंशांचा फरक पडला की मीटरभर ॲक्रिलिक जवळजवळ ३ मिलिमीटर वाढतं, खालची ॲल्युमिनियमची चौकट एकसुद्धा नाही. घट्ट भोकात ते फुगणार कुठे? "झबलं नेहमी दोन बोटं मोठंच शिवावं," आईने निकाल दिला.

मध्येच कामवाल्या बाईंनी काच समजून अमोनियाची फवारणी बाहेर काढली. त्याने ॲक्रिलिकवर बारीक तड्यांचं जाळं धरतं. मी धावेपर्यंत आईने काठी आडवी घातली होती. आता कॅनोपीला साधं कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं.

एकूण ३४ स्क्रू. प्रत्येक टेकेपर्यंत फिरवायचा आणि अर्धा आटा मागे घ्यायचा, म्हणजे खालच्या ॲक्रिलिकला सरकायला जागा राहते. ३२ स्क्रूपर्यंत मी संतासारखा वागलो. तेहतिसावा जरा सैल वाटला. आमच्या घराण्यात सैल स्क्रू, अर्धवट लावलेला नळ आणि मिटत नसलेलं कपाट बघवत नाही. मी अगदी एवढासाच पीळ दिला.

टक्.

आवाज लहान होता, पण स्वयंपाकघरातली भांडी थांबली. स्क्रूपासून २ सेंटिमीटरचा तडा, केसाएवढा. तो पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकावर ३ मिलिमीटरचं भोक पाडलं. गोल भोकात टोकच उरत नाही, त्यामुळे ताण एका जागी साचत नाही. शेवई निघाली, एवढाच दिलासा. लांबून ते भोक काळसर ठिपक्यासारखं दिसतं, नेमकं घुमटाच्या गालावर.

मी डोकं धरून बसलो होतो. आईने शाल सावरली, चष्मा लावला.

"असू दे. तीट लागली. आता तो हीटर इकडे वळव."