‘राखच तर होती’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि सकाळी शिरोलीला कामावर जाताना पण डोक्यात तीच होती, म्हणून आता घरी येऊन निवांत लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला, त्याची राख येमेन-ओमानवरून गुजरात, राजस्थान करत दिल्लीच्या आकाशापर्यंत आली, आपल्याकडची काही विमानं रद्द झाली आणि मी लिहिलं की रद्द केली ते बरोबरच केलं. त्यावर दादांचं म्हणणं असं की मी कंपन्यांची वकिली करतोय, राखेनं आमची आजी भांडी घासायची, चार हजार किलोमीटरवरून आलेली चिमूटभर राख एवढ्या मोठ्या विमानाचं काय वाकडं करणार, आणि त्यांची लेक दोन दिवस दिल्लीत अडकली, हॉटेलचा खर्च खिशातनं गेला, कंपनीचा फोन कुणी उचलला नाही.

लेकीचं वाचून खरंच वाईट वाटलं. त्याच्यावर येतोच, पण आधी राखेचं बोलू.

चुलीतली राख म्हणजे लाकूड, शेणी जळून उरलेला मऊ भुगा. ज्वालामुखीच्या राखेत जळालेलं काही नसतंच, ती दगडाची आणि काचेची पूड असते. आतल्या वितळलेल्या रसात वायू कोंडलेला असतो, तो एकदम सुटला की रसाच्या ठिकऱ्या उडतात आणि हवेत गार होऊन त्यांची बारीक टोकदार काच होते. तिला राख हे नाव पडलं आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

तुम्ही पण कोल्हापूरचेच, म्हणून आपल्या फाउंड्रीतलं, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यातलं सांगतो. मोल्डची सँड, म्हणजे साच्याची वाळू, नीट नसली की तापल्या लोखंडानं ती वितळून कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागाच्या अंगाला चिकटते, काळपट काचेसारखा थर होतो, फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या पोरांना विचारा, ग्राइंडर मारून मारून हात भरून येतात पण तो थर सुटत नाही. आता हेच जेट इंजिनात बघा. ही राख साधारण ११०० अंशांना वितळायला लागते आणि इंजिनच्या पोटात १४०० च्या वर तापमान असतं, म्हणजे आपण लॅडलमधनं, त्या मोठ्या पळीतनं, लोखंड ओततो जवळपास तेवढं. राख आत गेली की वितळते आणि पुढं टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन थिजते, हवेची वाट बारीक होते आणि इंजिन गुदमरून बंद पडतं. आणि बाहेरून विमानाचं काय होतं? शॉट ब्लास्टिंगच्या मशीनमध्ये बारीक छर्रे जोरात मारून जॉब, म्हणजे तयार भाग, खरवडतात, तेच.

हे कागदावरचं नाही हो. २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं जम्बो क्वालालंपूरहून पर्थला चाललं होतं, २६३ माणसं आत, रात्रीची वेळ, खाली जावा बेटावर गालुंगगुंग ज्वालामुखी फुटलेला आणि ते कुणाला ठाऊक नाही. चारीच्या चारी इंजिनं बंद. ३७ हजार फुटांवरून विमान नुसतं तरंगत खाली येत राहिलं, पार १३ हजाराच्या आसपास आल्यावर इंजिनं परत सुरू झाली, कारण बंद इंजिनात ती काच गार होऊन तडकली आणि थोडी गळून पडली. जकार्त्याला उतरताना पुढची काच घासून इतकी पांढरी झालेली की कडेच्या एका पट्टीतनं कॅप्टनला रनवेचे दिवे बघावे लागले. सगळे वाचले. पुढं १९८९ मध्ये अलास्कात केएलएम ह्या डच कंपनीच्या विमानाचं पण असंच झालं, चारही इंजिनं गेली, तेही वाचलं. विमानातला रडार पावसाचे ढग दाखवतो पण एवढी बारीक कोरडी पूड त्याला दिसत नाही, त्यामुळं पायलटला आयत्या वेळी चुकवता येईल असं पण नाही. नोव्हेंबरात एअर इंडियानं ११ फेऱ्या रद्द केल्या त्या पण त्या भागावरनं येऊन गेलेली विमानं तपासायला, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

एका गोष्टीत मात्र तुमचं बरोबर आहे आणि ते मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. लांब येईतो राख विरळ होते, आणि किती विरळ चालते हा प्रश्न रास्तच आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडचा एयाफ्यातलायोकुल फुटला तेव्हा नियम असा होता की राख दिसली की उडायचंच नाही, युरोपचं आकाश जवळपास सहा दिवस बंद, लाखभर फेऱ्या रद्द. मग इंजिन बनवणाऱ्यांना बसवून मर्यादा ठरवली, एका घनमीटर हवेत २ मिलिग्रॅमपर्यंत चालेल, आणि आकाश उघडलं. ही मर्यादा आधीच ठरवून ठेवली असती तर कितीतरी लोकांचे हाल वाचले असते.

त्या लोकांत माझे काका-काकू होते. अमेरिकेहून येताना युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर अडकले, तिथला व्हिसा नाही म्हणून बाहेर सोडेनात, पाच रात्री खाटल्यावर, काकूच्या शुगरच्या गोळ्या चेक-इन बॅगेत आणि बॅग द्यायला कोण तयार नाही. काकू आयुष्यात कुणासमोर रडलेली नव्हती, ती त्या काउंटरवर रडली. शेवटी एका अनोळखी गुजराती बाईनं स्वतःच्या गोळ्यांतल्या चार दिल्या, त्याच डोसच्या निघाल्या म्हणून निभावलं. त्यामुळं दादा, तुमचा राग मला परका नाही. पण विमान उडवलं नाही म्हणून मी तेव्हाही चिडलो नव्हतो, माणसाला असं वाऱ्यावर सोडलं म्हणून चिडलो होतो आणि अजून चिडतो.

युरोपच्या कोर्टानं २०१३ मध्ये ह्याच राखेच्या केसमध्ये निकाल दिला की भरपाई नाही दिली तरी चालेल, पण अडकलेल्या माणसाचं राहणं-खाणं कंपनीनंच बघायचं, कितीही दिवस लागोत. आपल्याकडं पण नैसर्गिक आपत्तीत भरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे परत नाहीतर दुसरं विमान हे द्यावंच लागतं. लेकीला ह्यातलं काय मिळालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. रद्द झाल्याचा मेसेज, हॉटेलचं बिल, कितीला कॉल केला त्याचे स्क्रीनशॉट, सगळं एकत्र ठेवा आणि आधी कंपनीला लेखी मेल टाका, नुसता फोन नको. काकांनी तेव्हा केलेल्या अर्जाची कॉपी माझ्याकडं आहे, नमुना म्हणून उपयोगी पडेल, इथंच सांगा, पाठवतो.