माऊली, सोललं व्हय?

पुण्यात कुठल्याही दुखण्यावर मोकळेपणाने बोलता येतं. गुडघे, अ‍ॅसिडिटी, अगदी मूळव्याधसुद्धा लग्नाच्या पंगतीत मठ्ठा पिता पिता निघते. पण मांड्या घासून जांघेत सोललंय हे कुणी कुणाला सांगत नाही, ते फक्त चालण्यावरून कळतं.

यंदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर माऊलींच्या पालखीसोबत पुणे ते सासवड चाललो. रेनकोट, ग्लुकोजची पावडर, पॉवर बँक, सगळं सगळ्यांकडे होतं, मांड्यांचा विचार मात्र कुणीच केलेला नव्हता. हडपसरपर्यंत टाळ-मृदंगाच्या नादात काही जाणवलं नाही, मग पाऊस आला, जीन्स भिजली, आणि दिवे घाटाच्या चढाला असं चुरचुरायला लागलं की प्रत्येक पावलाला मिरची चोळल्यासारखं. मग पाय फाकवून, मधेच बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने थांबत, चेहऱ्यावर भक्तिभाव ठेवून चालणं सुरू.

शेजारच्या दिंडीतली एक आजी बराच वेळ बघत होती. शेवटी अख्ख्या दिंडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माऊली, सोललं व्हय?" आणि पिशवीतून खोबरेलची बाटली काढून हातात दिली. ती स्वतः टुणटुणीत चालत होती. नऊवारीचा कासोटा दोन मांड्यांच्या मधूनच जातो, कातडीला कातडी लागतच नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं!

घरी आल्यावर मेडिकलवाल्याने काही न विचारता तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब पुढे केली, वर "सगळ्यावर चालते" हेही. नशिबाने बायकोने ती उघडू दिली नाही, थेट स्किनवाल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि आत गजकर्ण असेल तर ते मस्त पसरतं. माझं गजकर्ण नव्हतं, इंटरट्रायगो होता, म्हणजे घडीत घाम अडकतो, वाळत नाही, कातडी भिजून मऊ पडते आणि घासून सोलते. मग तिथे कँडिडा नावाची बुरशी मुक्कामाला येऊ शकते, शुगर असेल तर जास्तच, म्हणून माझी शुगरही तपासली. (नॉर्मल आली, आईने तरी चहातली साखर कमी केलीच.)

औषधापेक्षा कोरडं ठेवणं महत्त्वाचं म्हणे. सैल सुती कपडे, घासून नाही तर टिपून पुसायचं, आणि बरं झाल्यावर लांब चालायला निघण्याआधी व्हॅसलीन. शिवाय अंघोळीनंतर हेअर ड्रायरची गार हवा.

म्हणून सध्या मी रोज सकाळी बेडरूमचं दार लावून ड्रायर चालवतो. आणि आई बाहेरून ओरडते, "अरे, डोक्यावर चार केस नाहीत तुझ्या, इतका वेळ वाळवतोयस काय?"