'घेतलं' म्हणू नका, लाटलंय ते

सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या पायथ्याशी नवा फ्लेक्स दिसला. हात जोडलेला हसरा चेहरा आणि खाली 'आमच्या अथक प्रयत्नांतून हिरवीगार टेकडी'. सोबत फिरायला येणारे काका म्हणाले, "घेतलं श्रेय, घेऊ दे की." तेव्हापासून डोकं फिरलंय.

घेतलं काय काका? लाटलं म्हणा! दिलेलं असतं ते घेतात. हे यांना दिलं कुणी?

माझे बाबा 11 वर्षं या टेकडीवर पाणी नेताहेत. 5 लिटरचे दोन कॅन, मुठींना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली, तरी बोटांवर वळ उठतातच. एप्रिल-मेमध्ये दोन-दोन खेपा. असे बरेच जण आहेत, नाव कुणाचंच कुठे नाही.

छत्री ढापतात, गुपचूप. भाऊबंद जमीन हडपतात. खोली बळकावतात, त्यात बळ तरी उघड दिसतं. लाटणं मात्र हार घालून, फोटो काढून चालतं. अनुदान लाटतात, श्रेय लाटतात. आणि आपण चांगली शिकलीसवरलेली माणसं त्याला 'घेणं' म्हणून मोकळे होतो. लाज वाटते मला याची.

1963 च्या मुदत कायद्यात खासगी जागेवर कुणी 12 वर्षं उघडपणे, मालकाला न जुमानता ताबा ठेवला आणि मालक गप्पच राहिला, तर मालकाचा हक्क जातो. जागेला निदान 12 वर्षं तरी लागतात! श्रेयाला एक रात्र आणि चार बांबू पुरतात.

फ्लेक्सवाल्यांनी एकदा टँकर पाठवला होता, मान्य. एकदा.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "झाडं जगली ना? मग झालं."

नाही झालं, बाबा. वळणावरचा तो बहावा तीन उन्हाळे नुसती काटकी होता. तुम्ही खाली बसून त्याला आळं करायचात, माती वाहून जाऊ नये म्हणून ओंजळीनं पाणी सोडायचात. यंदा पहिल्यांदा फुलला तेव्हा गुडघे दुखणाऱ्या आईला हात धरून वर घेऊन गेलात. ती बराच वेळ काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली.

त्या फ्लेक्सचा फोटो आता ग्रुपवर फिरेल. टाळ्या वाजवू नका रे. 'लाटलं' एवढा एक शब्द लिहा.

आणि ही पोस्ट बाबांना दाखवू नका. काढून टाक म्हणतील.