दानशूर अल्टरनेटर

मोटारीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज तयार करणारे यंत्र, दोन प्रकारांनी बिघडतो. पहिल्या प्रकारात तो वीज देणे बंद करतो, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि बॅटरीत शिल्लक असेल तेवढ्या जिवावर गाडी जिथवर जाईल तिथवर नेऊन, तिथून पुढे आपण ती ढकलू लागतो. हा प्रकार सभ्य म्हटला पाहिजे, कारण त्यात त्रास होतो तो फक्त ढकलणाऱ्यांना. दुसऱ्या प्रकारात अल्टरनेटर संपावर जात नाही, उलट त्याच्या अंगात औदार्य संचारते. इंजिन कितीही जोरात फिरले तरी व्होल्टेज १४.५च्या आसपास रोखून धरायचे, एवढ्या एकाच कामासाठी नेमलेला रेग्युलेटर नावाचा चिमुकला अधिकारी एके दिवशी देह ठेवतो आणि त्यानंतर वीजवाटपावर कोणाचाच अंकुश राहत नाही. आमच्या वाट्याला हा दुसरा प्रकार आला.

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडीचे दिवे अचानक असे काही उजळले की, समोरचा प्रत्येक दगड मोजून घ्यावा. पाठोपाठ गाडीत सडक्या अंड्यांचा वास पसरला. हा वास जास्त चार्ज होऊन उकळू लागलेल्या बॅटरीचा असतो, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक? मागे बसलेल्या आत्याबाईंनी जन्मात कधी अंड्याला हात लावलेला नाही, तरीही तो वास सर्वप्रथम आणि अचूक त्यांनीच ओळखला, हे आमच्या घराण्यातले एक न उकललेले गूढ आहे. त्यावर चर्चा रंगात येते न येते तोच डावा हेडलाइट गेला, मग उजवा गेला आणि बॉनेटच्या फटीतून धूर डोकावू लागला. बॉनेट उघडले तेव्हा बॅटरीचे पोट दोन्ही अंगांनी फुगले होते. गाडीला टोचन लावून पुण्याला परत आणताना आत्याबाईंनी त्या वासाविषयी आणखी एक अक्षरही उच्चारले नाही.

आमचे इलेक्ट्रिशियन मितभाषी आहेत. त्यांनी अल्टरनेटर उतरवून बेंचवर फिरवला, मीटरचा आकडा १७.८वर गेलेला पाहिला आणि लहानग्या मुलाचे प्रगतिपुस्तक पाहावे तशा दृष्टीने माझ्याकडे पाहिले. मी विचारले, “मग फ्यूज का नाही उडाला?” त्यावर ते म्हणाले, “साहेब, फ्यूज करंट बघतो, व्होल्टेज नाही.” याचा अर्थ पुढे उलगडला. अल्टरनेटरकडून बॅटरीकडे जाणारी जाड केबल ज्या नटाने धरलेली असते, तो कधीचा सैल झाला होता. उकळणारी बॅटरी त्या केबलमधून करंट ओढतच राहिली आणि सैल जोडावर उष्णता साठत गेली, पण मुख्य फ्यूजची मर्यादा काही ओलांडली गेली नाही. त्यामुळे शेजारी वायरी वितळत असताना तो नियमावर बोट ठेवून स्वस्थ बसला. ही कार्यपद्धती मी काही कचेऱ्यांमध्ये यापूर्वी पाहिलेली आहे.

हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा टेपने बांधलेला जुडगा, सोडवून वर्तमानपत्रावर पसरला, तेव्हा नुकसान दिसले. वरची काळी टेप सोलल्यावर आत पाच-सहा वायरींचे प्लॅस्टिक वितळून एकजीव झाले होते. कोणती पिवळी आणि कोणती तपकिरी हे सांगायला उरलेच नव्हते, आणि तांबे काळवंडून इतके ठिसूळ झाले होते की, नखाने वाकवताच तुटत होते. त्या गोळ्यात मध्येच एक हिरवी वायर निघाली. ती आधीच्या कोणा कारागिराने हॉर्नसाठी पीळ देऊन जोडली होती. तिच्याकडे पाहून आमचे मितभाषी इलेक्ट्रिशियन पहिल्यांदाच सविस्तर बोलले, पण ते इथे लिहिण्यासारखे नाही.

नवा हार्नेस मागवावा म्हटले, तर तो अख्खाच घ्यावा लागतो आणि त्याच्या किमतीत एक बऱ्यापैकी दुचाकी येते. नाना पेठेत चौकशी केली, तर पहिला प्रश्न आला, “एबीएसवाली की बिगर एबीएसवाली?” कारण एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या आणि नसलेल्या गाडीचे कनेक्टर वेगळे असतात. शेवटी जळालेला प्रत्येक तुकडा कापून त्याच जाडीची वायर डागायची, वर आकसणारी स्लीव्ह चढवायची आणि मग टेप गुंडाळायची असे ठरले. आमच्या शेजारच्या काकांना हे मुळीच पटले नाही. त्यांच्या फिएटला अल्टरनेटरऐवजी जुन्या काळचा डायनामो होता आणि त्याने कधी कोणाला भाजले नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

विमा कंपनीचा अनुभव मात्र अधिक उद्बोधक ठरला. सर्व्हेअरने फोटो पाहून अत्यंत सहानुभूतीने विचारले, “आग लागली होती का?” मी अभिमानाने सांगितले की, वेळीच इंजिन बंद केल्यामुळे नुसता धूर झाला. त्यांचा चेहरा पडला. पॉलिसीत आग आणि आपोआप पेट घेणे या दोन्ही गोष्टींना भरपाई आहे, परंतु विद्युत बिघाड स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. म्हणजे गाडी भर घाटात धडाधडा पेटली असती, तर मी लाभार्थी ठरलो असतो. ती वाचवल्यामुळे सगळा खर्च माझ्याच माथी आला. बॅटरीची वॉरंटी शिल्लक होती, पण फुगलेले पोट पाहताच दुकानदाराने “ओव्हरचार्जिंग” एवढा एकच शब्द उच्चारला आणि कार्ड परत केले.

सगळे जोडून झाल्यावर ब्रेक दाबला, तर मागचे दोन्ही इंडिकेटर मंद पेटू लागले. अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतण्याचा जोड, नीट नसले की, करंट मिळेल त्या बल्बमधून परतीची वाट शोधतो. टेस्ट लॅम्प घेऊन शोध घेतल्यावर डिकीत गंजाखाली लपलेला अर्थिंगचा स्क्रू सापडला. तो घासल्यावर गाडी शहाण्यासारखी वागू लागली.

गाडी ताब्यात घेताना बॅटरीच्या मागे टोकाला टेप लावलेली एक वायर लोंबकळताना दिसली. ही कशाची, असे विचारल्यावर इलेक्ट्रिशियन म्हणाले, “ती टॉप मॉडेलच्या फॉगलॅम्पची. हार्नेस दोघांना एकच असतो, तुमच्या गाडीत तिला काही काम नाही.” त्या भागातली धड राहिलेली वायर तेवढी ती एकच होती.