झाड कुऱ्हाडीने नाही, भरावाने मरतं

नाशिकमध्ये गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, मखमलाबाद, कुठेही बंगल्याचं काम बघा. जुना आंबा राखायचा म्हणून मालक ठेकेदाराला बजावतो, "याला हात लावायचा नाही." ठेकेदारही शब्द पाळतो. वास्तुशांत होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात आंबा शेंड्याकडून वाळायला लागतो. मग कीड लागली म्हणून फवारण्या सुरू. कीड नंतर येते. झाडाचा जीव प्लिंथचा (जोत्याचा) भराव पडला तेव्हाच गेलेला असतो.

पाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर पसरतात. खाली एक जाड सोटमूळ आणि त्याच्या जोरावर उभं झाड, हे शाळेच्या पुस्तकातलं चित्र विसरा.

जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याला टेप गुंडाळा. येईल त्या घेराच्या चौपट अंतर खोडापासून चारी बाजूंनी राखायचं. ५ फूट घेराच्या कडुलिंबाला २० फूट. (व्यासाच्या बारापट हा जाणकारांचा नियम, हिशोब जवळपास तोच.) ५० बाय ८० च्या प्लॉटवर हे डोळ्यांवर येतं, म्हणूनच हे वर्तुळ आर्किटेक्टच्या पहिल्या कच्च्या नकाशावर काढून घ्या. नकाशा मंजूर झाल्यावर झाड आठवून उपयोग नाही. एका बाजूने वर्तुळाचा दहावा हिस्सा गेला तर निरोगी झाड सहसा सोसतं, मात्र दुसरीकडे तेवढी जागा मोकळी हवी. दोन बाजूंनी मुळं तुटली तर वळवाच्या वाऱ्यात ते घरावरच यायचं.

आता भराव. रस्ता उंच म्हणून अख्खा प्लॉट दोन फूट मुरूम टाकून उचलायचा आणि वर रोलर फिरवायचा, ही आपल्याकडची सवय. मुळांना हवा लागते, ती तिथेच कोंडते. खोडाभोवती तीन फुटांचा गोल कठडा बांधून झाड वाचवल्याचं समाधान मिळतं, पण मुळं त्या कठड्याच्या बाहेर असतात. खोडाला माती लावून पार बांधला तर साल कुजते. भराव फक्त घराच्या प्लिंथखाली घ्या, झाडाकडची जमीन जुन्या पातळीवर राहू द्या. दोन पायऱ्या जास्त होतील, होऊ द्या.

झाडाच्या बाजूला सलग चर खणून पाया घेऊ नका. सुटे कॉलम घ्या आणि प्लिंथ बीम जमिनीच्या वरून न्या. काळ्या मातीत तर फुटिंग (कॉलमचा तळ) मुरमापर्यंत न्यावंच लागतं. ती माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि झाड पाणी ओढतं तेव्हा जास्तच आकसते. भिंतीला तडा गेला की दोष मुळांना देतात, खरा दोष उथळ पायाचा असतो. कंपाउंडलाही हेच: कॉलमची जागा मुळं बघून ठरवा. वर्तुळाच्या आत जेसीबी नको, कुदळ-फावड्याने खणा. अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतचं मूळ करवतीने साफ कापलं तर चालतं, त्याहून जाड असेल तर कॉलम सरकवा. जेसीबी मूळ कापत नाही, ओढून खोडापर्यंत चिरत नेतो. सेप्टिक टँक आणि पाण्याची टाकी प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला.

कुंपण पहिल्या जेसीबीच्या आधी. बल्ल्या रोवून सहा फुटी पत्रे, वर्तुळाच्या कडेवर. नाहीतर सावली म्हणून सिमेंटच्या गोण्या, खडी, मजुरांची चूल सगळं झाडाखालीच येतं. मिक्सर धुतल्याचं पाणी तिकडे जाऊ देऊ नका. त्यातल्या सिमेंटने माती अल्कधर्मी होते. येण्याजाण्याला दुसरी वाटच नसेल तर ८ इंच पालापाचोळा आणि लाकडाचा भुसा पसरून वर फळ्या टाका.

परवानगीचं थोडक्यात. महाराष्ट्राच्या १९७५ च्या शहरी वृक्ष कायद्यात झाड 'तोडणे' या शब्दात त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. त्यामुळे फांद्या छाटायच्या असल्या तरी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी अर्ज करा.

आणि प्रत्येक झाडासाठी घराचा नकाशा बदलू नये. सुबाबूळ किंवा पोकळ बुंध्याचा, कललेला गुलमोहर यांच्यासाठी एवढा खटाटोप आमच्या मते वाया. चिंच, आंबा, कडुलिंब, जांभूळ यांच्यासाठी जरूर करा.

काम संपल्यावर बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवू नका. पुढचे दोन-तीन उन्हाळे पंधरा दिवसांतून एकदा भरपूर पाणी द्या, तेही बुंध्याला नाही, फांद्यांच्या कडेखालच्या जमिनीला. मे महिन्यात बुंध्याभोवती एक फेरी मारा. एका बाजूची माती उचलल्यासारखी, भेगाळलेली दिसली तर झाड कलत असेल, झाडाखालची गाडी आधी हलवा आणि जाणकार माणूस बोलवा.