‘जीमेलने पॉप बंद केलं’ : त्या मेसेजमधलं खरं किती?

व्यापाऱ्यांच्या, सोसायट्यांच्या, सीएंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय : जीमेलने पॉप (सर्व्हरवरच्या पेटीतले मेल उतरवून घेण्याची पद्धत) बंद केलं, त्यामुळे आउटलुक आणि थंडरबर्ड या संगणकावरच्या मेल-प्रोग्रामवर जीमेल दिसणार नाही; पॉप ही जुनाट टेक्नॉलॉजी, ती संपली; जुने मेल उडतील, आजच डाउनलोड करा; कंपनीच्या नावाचा मेल असेल तर पैसे भरून गूगल वर्कस्पेस घेण्यावाचून गत्यंतर नाही, नाहीतर फॉरवर्डिंग (आलेला मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सोय) लावून मोकळे व्हा. शेवटी ‘खातं अपडेट करण्यासाठी’ एक लिंक.

छोट्या ऑफिसांचे मेल सांभाळणं हे माझं रोजचं काम. या मेसेजमुळे लोक घाबरून नको ते करताहेत आणि जे खरोखर करायला हवं ते तसंच राहतंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जीमेलने पॉप बंद केलं.’ गूगलने २०२५ मध्ये जे जाहीर केलं ते वेगळं आहे. जीमेलमध्ये पॉप दोन दिशांनी चालतं. पहिली दिशा : थंडरबर्ड किंवा आउटलुक जीमेलकडून मेल ओढून घेतं. ही सोय जीमेलने २००४ मध्ये दिली आणि या घोषणेत तिला हात लावलेला नाही. दुसरी दिशा उलटी : जीमेल स्वतः दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊन तुमचे मेल उचलून आणतं. तुमचं ‘इन्फो अ‍ॅट अमुक डॉट कॉम’ होस्टिंगवाल्याकडे (वेबसाइट आणि तिचे मेल आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीकडे) असतं आणि त्यावरचे मेल तुम्हाला जीमेलच्या इनबॉक्समध्ये दिसतात, ते या सोयीमुळे. जानेवारी २०२६ पासून हिचा आधार काढून घेत असल्याचं गूगलने सांगितलं. सोबत जीमेलिफाय नावाची सोयही जाते. याहू किंवा हॉटमेलच्या खात्याला जीमेलची स्पॅम-चाळणी आणि टॅब त्यातून मिळत असत.

म्हणजे तुमचा पत्ता ‘जीमेल डॉट कॉम’ने संपत असेल आणि दुसऱ्या कुठल्या खात्याचे मेल तुम्ही त्यात ओढत नसाल, तर तुम्हाला काहीही करायचं नाही. आउटलुकवर जीमेल उघडत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या बऱ्याच जणांची अडचण निराळीच निघते. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं थांबवलं. त्यानंतर गूगलच्या पानावरून साइन-इन करावं लागतं, किंवा टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे त्या प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड, घ्यावा लागतो. त्याचा या घोषणेशी संबंध नाही.

‘जुनाट टेक्नॉलॉजी, ती संपली.’ जुनी आहे हे खरं. पॉपचा पहिला मसुदा १९८४ चा, आज चालणारी तिसरी आवृत्ती १९८८ ची. पण लोक ज्याला नवं समजतात ते आयमॅपही (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत) १९८६ चं आहे. स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी ते रचलं. तेव्हा वय हा मुद्दाच नाही. पॉपचं संभाषण इतकं साधं असतं की हाताने टाइप करता येतं : ‘यूजर’ म्हणून नाव, ‘पास’ म्हणून पासवर्ड, ‘लिस्ट’ म्हटलं की यादी, ‘रेटर’ म्हटलं की मेल हातात, ‘डेले’ म्हटलं की सर्व्हरवरून साफ. कच्चा दुवा आहे तो ‘पास’पाशी. तुमचा खराखुरा पासवर्ड तिसऱ्याकडे ठेवायचा आणि त्याने दर खेपेला तो दाखवून आत जायचं, ही पद्धत मोठ्या कंपन्या एकामागून एक बंद करताहेत. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलच्या खात्यांसाठी ती १६ सप्टेंबर २०२४ ला बंद केली. पॉप मात्र जिवंत आहे, आणि तुमचा होस्टिंगवाला ते देत असेल तर उद्याही थंडरबर्डवर चालेल.

‘जुने मेल उडतील.’ नाही. जे मेल जीमेलमध्ये येऊन पडलेत ते तिथेच राहतात. धोका आहे तो पुढे येणाऱ्या मेलना, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

ओढणं थांबलं म्हणून तुम्हाला मेल पाठवणाऱ्याचं काही अडत नाही. पेटीत टपाल पडतच राहतं, ते घरी आणून देणारा माणूस तेवढा यायचा थांबतो. पाठवणाऱ्याला वाटतं पोचलं, तुम्हाला वाटतं आलंच नाही. आता सेटिंगमधली एक छोटी चौकट पाहा : ‘मेलची प्रत सर्व्हरवर ठेवा’. ती रिकामी असेल, तर इतकी वर्षं जीमेल मेल उचलून होस्टिंगवरची पेटी साफ करत होतं. स्वस्त होस्टिंगवर ही पेटी बऱ्याचदा एखाद्या जीबीची, कधी त्याहून लहान. ती कधी भरली नाही, कारण रोज कुणीतरी उपसत होतं. उपसणं थांबलं की ती भरत जाते, आणि एक दिवस पाठवणाऱ्याला ‘मेलबॉक्स फुल’ म्हणून मेल परत जायला लागतो. तुमच्या स्क्रीनवर यातलं काहीच दिसत नाही. जीएसटी पोर्टलचा ओटीपी नोंदवलेल्या मेलवरही येतो. तो मोबाइलवर मिळतोय म्हणून मेलकडे कुणी बघत नाही आणि टेंडरचं उत्तर त्याच पेटीत पडून राहतं. एका छापखान्यात मी नेमकं हेच पाहिलं : ऑर्डरी आटल्या असं मालक समजत होते, प्रत्यक्षात ऑर्डरी वेबमेलमध्ये, म्हणजे होस्टिंगवाल्याच्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पेटीत, न वाचलेल्या पडल्या होत्या.

म्हणून डाउनलोडच्या मागे धावण्याआधी मूळ पेटी उघडा. संगणकावर जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’ या टॅबवर जा. दुसऱ्या खात्याची नोंद अजून दिसत असेल तर ‘एडिट इन्फो’ दाबा. तिथे युजरनेम, पॉप सर्व्हरचं नाव आणि पोर्ट दिसतो. कागदावर उतरवून घ्या. पासवर्ड मात्र दिसणार नाही, आणि माझ्या कामातला सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने कधीतरी तो घातलेला असतो, मुलगा नोकरीनिमित्त दुसरीकडे गेलेला असतो आणि होस्टिंगचं लॉगिन त्याच्याच नावावर असतं. पासवर्ड आठवण्यात दिवस घालवू नका. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधून नवा घाला, आणि पॅनेलचं लॉगिन स्वतःच्या ताब्यात घ्या. मग वेबमेलमध्ये जाऊन पेटीत किती जागा उरलीय ते बघा.

‘वर्कस्पेसशिवाय गत्यंतर नाही.’ दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसला सामायिक कॅलेंडर, ड्राइव्ह वगैरे हवं असेल तर जरूर घ्या, चांगली सेवा आहे. पण एका सोसायटीच्या चिटणिसाने किंवा एकट्या वकिलाने या घोषणेला भिऊन दरमहा पैसे भरायचं कारण नाही. मोबाइलवरच्या जीमेल अ‍ॅपमध्ये बाहेरचं खातं आयमॅपने जोडता येतं : खातं जोडा, ‘अदर’ निवडा, सर्व्हरचं नाव घाला, पोर्ट ९९३. ‘ऑल इनबॉक्सेस’मध्ये सगळे मेल एकत्र दिसतात. संगणकावर थंडरबर्ड फुकट आहे. त्यात जीमेल आणि कंपनीचं खातं दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात, त्यामुळे फोनवर वाचलेला मेल संगणकावरही वाचलेला दिसतो. पण सर्व्हरवर राहतात म्हणजेच जागा खातात. होस्टिंगवाल्याकडून पेटी मोठी करून घ्या किंवा जुने मेल अधूनमधून संगणकावरच्या फोल्डरमध्ये हलवा.

लोकांचा राग एका बाबतीत मला पूर्ण पटतो. जे दिवसभर संगणकावर ब्राउझरमध्येच जीमेल वापरतात, चार पत्त्यांचे मेल एकाच शोधचौकटीत धुंडाळतात आणि गूगलच्या स्पॅम-चाळणीवर विसंबतात, त्यांना या बदलाची तंतोतंत भरपाई नाही. ब्राउझरमधल्या जीमेलला बाहेरचं खातं आयमॅपने जोडता येत नाही. ज्येष्ठ मंडळींना ‘इथून पुढे दुसरं अ‍ॅप वापरा’ सांगणं सोपं आहे, पण वर्षानुवर्षांची सवय मोडताना त्यांची दमछाक होते.

म्हणूनच ‘फॉरवर्डिंग लावा, काम झालं’ हा सल्ला इतका आवडतो. सवय बदलावी लागत नाही. गूगलही हा पर्याय सुचवतं आणि तो चालतोही, पण ‘काम झालं’ म्हणण्याआधी त्यातली खोच समजून घ्या. प्रत्येक डोमेन (मेल-पत्त्यातलं ‘अमुक डॉट कॉम’) एसपीएफ नावाच्या नोंदीत जाहीर करतं की आमच्या नावाचे मेल या-या सर्व्हरवरून निघतात. बँकेचा मेल तुमच्या होस्टिंगवर आला आणि तिथून जीमेलकडे गेला, तर जीमेलला तो बँकेच्या नाही, होस्टिंगच्या सर्व्हरवरून आलेला दिसतो. एसपीएफची तपासणी तिथे सहसा फसते. मग मेल तरतो तो डीकिमच्या, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनने मेलवर केलेल्या डिजिटल सहीवर, आणि ती सही मजकुराला किंवा विषयाला धक्का लागला की मोडते. होस्टिंगच्या स्पॅम-तपासणीने विषयाच्या आधी ‘स्पॅम’ हा शब्द चिकटवला तरी पुरे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे यातली किमान एक तपासणी मागतं, त्यामुळे असे मेल स्पॅममध्ये जातात किंवा नाकारले जातात.

दुसरी अडचण खुद्द स्पॅमची. ओढून घेताना जीमेलला ठाऊक असायचं की हे मेल आपणच आणले. फॉरवर्डमध्ये तुमच्याकडे आलेला सगळा कचरा तुमचा होस्टिंग सर्व्हर जीमेलच्या दारात टाकतो. जीमेल त्या सर्व्हरकडेच संशयाने बघू लागतं, मेल अडवून ठेवतं, आणि एकाच सर्व्हरवर असलेल्या इतर ग्राहकांनाही त्याची झळ लागते. तेव्हा फॉरवर्डिंग लावायचंच तर होस्टिंगवर स्पॅम-तपासणी आधी चालू करा, पकडलेला स्पॅम पुढे जाऊ देऊ नका, विषयात शब्द चिकटवण्याची सोय बंद ठेवा आणि मूळ पेटीत प्रत ठेवा. मग दोन-तीन वेगवेगळ्या सेवांवरून चाचणीचे मेल पाठवा. पहिले काही आठवडे जीमेलचा स्पॅम फोल्डर रोज उघडा. कंपनीच्या पत्त्यावरून उत्तर पाठवण्याची ‘सेंड मेल अ‍ॅज’ ही वेगळी सेटिंग आहे. मेल-पेटीचा पासवर्ड बदललात तर तो तिथेही बदलावा लागतो, नाहीतर मेल यायला लागतील पण जाणार नाहीत.

राहिली ती लिंक. या बदलासाठी गूगलला तुमचा पासवर्ड कुठल्याही फॉर्ममध्ये भरून हवा नाही. कुणी तो भरला असेल तर लगेच बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि पैशांचं काही झालं असेल तर १९३० वर फोन करा. त्यानंतर जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर हे दोन टॅब उघडून अनोळखी पत्ता कुणी घालून ठेवलाय का ते पाहा. तसा पत्ता पासवर्ड बदलल्यावरही तिथेच राहतो आणि तुमच्या प्रत्येक मेलची प्रत त्याला जात राहते.